उचललेली सुई

दुकानदारानं गाण्याची तबकडी दिव्याखाली तिरकी धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंडानं च्यक् केलं. "हिला मारलंय हो कुणीतरी," तो म्हणाला. म्हणाला अगदी सहज, धुऊन विटलेल्या कापडाबद्दल म्हणावं तसं. पण धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती माहेरची धाकटी. आता स्वतः आई झाली होती, मुलगी घरी सासूबाईंच्या मांडीवर होती, तरी कुणी असं अवचित काही म्हटलं की सगळ्यात आधी तिच्यातली धाकटीच दचकायची. मी नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. दुकानदारानं तबकडी जरा फिरवली. उजेड तिच्यावरून ओघळत गेला आणि कडेपासून आतपर्यंत एक राखाडी पट्टा दिसला, ओल्या फडक्यानं फळा पुसल्यावर राहतो तसा. "बोथट सुई, आणि वरून वजन. नाणंबिणं ठेवायचं का कुणी प्लेअरच्या दांडीवर?" "आठवत नाही," धाकटी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ते नाणं दिसलं. दांडीच्या टोकाला चिकटपट्टीनं बसवलेलं, पट्टीच्या कडा काळ्या झालेल्या. तबकडी फिरायला लागली की ते वर-खाली व्हायचं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या ती त्याच्याकडे बघत राहायची. त्या नाण्याला ती 'टोपी' म्हणायची. ताईच ते बसवायची. सुई मध्येच उडी मारायची आणि गाणं अडखळलं की झोपेला आलेली धाकटी टक्क जागी व्हायची, म्हणून.

रविवारी ताई येणार होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच. कधी तिचा गुडघा, कधी शिवणकारखान्यातली घाई. ताई तिथं कटिंग मास्तर होती, कापडाचे जाडजूड थर एका फटक्यात कापायची, आणि मोसम आला की तिला मान वर करायला फुरसत नसायची. फोनवर सगळं बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता ती म्हणाली होती, "ती छोटी रेकॉर्ड आहे ना गं अजून? आपली ती. लावतेस का पोरीला?" आणि धाकटी म्हणाली होती, "लावते की. रोज लावते. त्याशिवाय झोपतच नाही बाई." इतकं गुळगुळीत बाहेर आलं ते, की फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचं तिलाच खरं वाटत राहिलं. मग ती स्टुलावर चढली. कपाटावर, ब्लँकेटांच्या खाली, खोक्यात ती तबकडी होती. लग्नात ताईनं दिलेली. "मी काय करू, माझ्याकडे प्लेअर पण नाही. तुझ्या झोपेची आहे, तू ने," असं म्हणून दिलेली. त्यानंतर तिनं एकदाही ती उघडली नव्हती. त्या संध्याकाळी तिनं हौसेनं घेतलेल्या, खेळण्यातल्या पेटीसारख्या स्वस्त प्लेअरवर ती लावली, तर आतून असा काही चिरका, फाटका आवाज आला की नवरा दाढीचा साबण तसाच तोंडाला घेऊन बाहेर आला. "मांजर अडकलंय का कुठं?" ती हसली नाही, हे बघून त्यानं साबण पुसला. दोन दिवसांनी ऑफिसातल्या कुणाकडून तो एक जुना, दणकट प्लेअर उचलून घेऊन आला. जड, छान, फक्त दांडीच्या टोकाशी काही नव्हतं. "धड मी आणलंय," तो म्हणाला, "मुंडकं तू बघ." आणि तो आत निघाला तशा स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बशा किणकिणल्या, कारण त्या घराची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि तो जरा टाच टेकून चालला की बशांना कळायचं. बशांना कळलं की बाळाला कळायचं. लगेच आतून रडं. "चवड्यांवर चाल रे," सासूबाई ओरडल्या, "घोडा आहे नुसता."

तर ते मुंडकं बघायला ती आली होती. कार्ट्रिज म्हणजे काडेपेटीहून लहान एक डबी, आणि तिच्या पोटाखाली डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी सुई. सुई खाचेतून चालते, थरथरते, डबी त्या थरथरीची वीज करते. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी ती कामावरून परस्पर इकडे आली होती आणि घरी सांगितलं होतं की उशीर होईल, लॅबमध्ये नमुने जास्त आलेत. रविवारसाठी रचलेल्या खोट्याला आता आजचं एक लागलं होतं. दुकानदारानं काचेवर दोन डब्या ठेवल्या. एकीची सुई लंबगोल टोकाची. "ही घ्या. खाचेत बरोबर शिरते. जे जे काय कोरलंय ते सगळं उचलून आणते, गाणाऱ्या बाईनं श्वास घेतला तर तोसुद्धा." दुसरीकडे त्यानं नुसतं बोट केलं. "ही जाड, गोल टोकाची. जुन्या एककानी, म्हणजे मोनो रेकॉर्डांची. खाचेच्या वरच्या अंगाला बसते, खाली शिरत नाही. काय आहे, सगळ्यांना आता बारीक हवं असतं." "पण घिसलेलीला?" "घिसलेली ती घिसलेलीच ना. बारीक सुई तिचं घिसलेपण पण नीट वाजवून दाखवेल." तो स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला आणि नमुन्यादाखल म्हणून त्यानं आपली एक तबकडी लावली. सुई टेकली. गाणं सुरू व्हायच्या आधीची ती खरखर आली, तव्याखालच्या जाळासारखी, आणि धाकटीच्या छातीत कळ येऊन दूध उतरलं. इतकं अचानक, की तिनं पर्स पुढे ओढली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. मूल इथं नव्हतं. कुठं रडत नव्हतं. नुसत्या खरखरीला तिचं अंग फसलं होतं. गाणं तिला आठवतच नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. तिला आठवते ती ही खरखर, मग व्हायोलिनं, मग एका बाईचा जाडसर, सावकाश आवाज, आणि मग काही नाही. पुढचं गाणं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. "उद्या येते," ती म्हणाली, आणि तबकडी तिच्या पाकिटात घालून, पर्स छातीशी तशीच धरून बाहेर पडली. दुकानदार मागून म्हणाला, "उद्या दोन्ही असतील, पण मन एकच आणा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, लॅब रिकामी झाल्यावर, तिनं ती तबकडी मायक्रोस्कोपखाली ठेवली. ती दिवसभर हेच करायची: काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब बघायचा, आणि त्यात जे दिसेल ते सांगायचं, जे नाही ते सांगायचं नाही. कोपऱ्यात एक जुना, कमी ताकदीचा मायक्रोस्कोप होता, वरून दिवा पडणारा, जंतबिंत बघायचा. तिनं क्लिपा काढल्या, तबकडी सरकवली, दिवा आडवा केला. "हा कोणता पेशंट?" डबा घेऊन आत आलेली जोडीदारीण म्हणाली. "उपाशीपोटी आहे का?" "घरचाच आहे," धाकटी म्हणाली, आणि डोळा भिंगाला लावला. आधी नुसता काळोख. मग चक्र फिरवलं तशा खाचा वर आल्या, शेजारी शेजारी, नांगरलेल्या काळ्या रानासारख्या. पण कडेच्या बाजूला त्यांच्या भिंती राहिल्या नव्हत्या. चिरल्या होत्या, ढासळल्या होत्या, तळाशी राखाडी भुगा बसला होता. तिनं तबकडी आत सरकवली. तेच. आणखी सरकवली. तेच. आणि मग एका जागी, काही न सांगता, ते सगळं थांबलं. पुढच्या खाचा अगदी अखंड होत्या. ओल्या, चकचकीत, काठ धारदार, वळणं अशी दाट की दिवा त्यांच्यावर तुटून तुटून चमकत होता. तिनं डोळा काढला आणि साध्या नजरेनं बघितलं. मधल्या लेबलाच्या बाहेर बोटभर रुंदीचा पट्टा कोरा होता. इतकी वर्षं वाजलेल्या तबकडीचा तेवढा भाग कधी वाजलाच नव्हता. ती परत भिंगाला डोळा लावून बसली, घिसलेलं कुठं संपतं ती जागा शोधत. एक ठरावीक काठ नव्हता तिथं. एखाद्या दिवशी थोडं पुढे, एखाद्या दिवशी थोडं अलीकडे, असा तो हळूहळू विरळ होत गेला होता. काही रेघा तर आडव्या होत्या, खाचांना ओलांडून गेलेल्या. सुई घाईनं उचलताना ओढली गेली की उमटतात तशा. त्या आडव्या रेघांपाशी तिनं चक्र फिरवायचं थांबवलं. ताईच्या हाताचे ठसे होते ते. नमुना बघून निदान सांगायचं तिचं काम, आणि निदान तिच्या समोर होतं; ते लिहून मात्र कुणाला द्यायचं नव्हतं.

आई रात्रपाळीला जायची. वडील धाकटीला आठवतच नव्हते. त्यांच्या मागे राहिला होता तो झाकणातच स्पीकर असलेला प्लेअर, आणि ही एक तबकडी. आई दार ओढून गेली की खोलीत त्या दोघी. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक हॉल होता. संध्याकाळ उतरली की त्याच्या खिडक्या पिवळ्या व्हायच्या आणि ताईच्या वयाच्या मुली तिथं नाचाचा सराव करायच्या. त्यांच्या पायांचा आवाज रस्ता ओलांडून यायचा. जाता जाता खालून त्या हाक मारायच्या, "काय गं, येतेस का?" आणि ताई खिडकीतून म्हणायची, "हिला झोपवते नि आलेच!" आलेच म्हणताना ती चवड्यांवर उभी असायची. धाकटीला ते अंथरुणातून दिसायचं: ताईच्या टाचा, वर उचललेल्या, हलणाऱ्या. मग ताई तबकडी लावायची आणि तिच्याजवळ आडवी व्हायची. खरखर, व्हायोलिनं, बाईचा आवाज, टोपी वर-खाली. धाकटी डोळे मिटायची. पाय आखडायची, श्वास लांब सोडायची. झोपलेली माणसं कशी श्वास सोडतात ते ती आईला बघून शिकली होती. थोड्या वेळानं शेजारची ऊब अलगद उठायची. ताई सुई उचलायची, कारण तबकडी संपल्यावर जी कचकच सुरू होते तिनं धाकटी नक्की उठली असती. गाणं संपायच्या आतच उचललेलं बरं. मग चपला हातात. मग कडीचा अगदी बारीक आवाज. आणि तेव्हा, बरोबर तेव्हा, धाकटी डोळे उघडून म्हणायची, "ताई?" चपला खाली ठेवल्याचा आवाज व्हायचा. त्याच्या आधी जी शांतता असायची ती धाकटीला अजून ऐकू येत होती. ताई कधी चिडली नाही. ती परत येऊन सुई पहिल्यापासून लावायची. कितीदा? ते त्या भुग्यातच होतं सगळं. ताई जवळ राहिली की धाकटीला आनंद व्हायचा, पण त्याहून जास्त काहीतरी व्हायचं, जिंकल्यासारखं, आणि त्या आनंदात ती मग खरंच झोपून जायची. तोवर समोरच्या खिडक्या अंधारलेल्या असत. पुढे त्या मुलींनी हाक मारणंच सोडलं. हे सगळं तिला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं, आणि भिंगाखाली ओळीनं मांडलेलं दिसणं वेगळं. आता रोज तिची मुलगी मिटत आलेले डोळे मध्येच उघडते, तेव्हा तिच्या स्वतःच्या पायांत कसली एक चीड चढते, उठून जायची, कुठंही, नुसतं गॅलरीत जाऊन उभं राहायची. आणि लगेच त्या चिडीची लाज वाटते. ती आई आहे. तिच्यापाशी निदान तेवढं नाव आहे. ताईपाशी काय होतं? दहावीत होती ती.

ती परत दुकानात गेली तेव्हा दुकानदारानं आपणहून लंबगोल टोकाची डबी पुढे केली. "गोल द्या," धाकटी म्हणाली. "जाड. एककानी." "अहो, ती आतलं सगळं सांगणार नाही हां." "नको सांगू दे." त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, मग खांदे उडवून डबी कागदात बांधली. "वजन जपा. नाण्याची सवय असेल तर मोडा." रस्त्यात तिला वाटलं, आपण हे तबकडीसाठी केलं की स्वतःसाठी? झिजल्या भिंतींच्या वर, जरा चांगल्या अंगाला बसणारी सुई. तळापर्यंत न जाणारी. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचंही वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी सासूबाई आणि बाळ दोघी झोपल्यावर तिनं डबी बसवली. केसासारख्या चार तारा, चिमट्यानं. नवरा श्वास रोखून टॉर्च धरून होता. वजनाचं चाक हलक्यावर आणून तिनं सुई कडेला टेकवली. मांजर गेलं होतं. खरखर होती, जाड, मायेची, आणि तिच्या मागून व्हायोलिनं आली, जरा लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखी, पण व्हायोलिनंच. मग ती बाई. "अगं, गाणं आहे की हे!" नवरा कुजबुजला. धाकटीची नजर सुईवर होती. सुई आत आत चालली होती, राखाडीतून. तिथून पुढचा काळा चकचकीत पट्टा जवळ आला. एक बोट, मग नखाएवढं अंतर. ऐकायचं होतं तिला. इतकं ऐकायचं होतं की जिभेला पाणी सुटल्यासारखं झालं. एवढा जीव ओतून बसवली, हक्कच होता म्हणा ना. तिनं हात पुढे केला आणि दांडी उचलली. "काय गं? संपलं नव्हतं." "पुढचं ताईचं आहे," ती म्हणाली, आणि त्याला काही कळलं नाही, पण त्यानं टॉर्च बंद केला.

ताई आली ती जिन्यापासून बोलतच. "किती मजले गं हे, माझ्या गुडघ्याला विचार." बाळाच्या हातावर तिनं आपलं बोट ठेवलं, बाळानं ते पकडलं, मग ताईनं ते सोडवलंच नाही, एका हातानं चहा प्याली, त्याच हातानं पिशवीतून झबली काढली, स्वतः कापलेली. "माप फोनवरून घेतलंय, सैल झालं तर वाढेल की पोरगी." सासूबाईंशी तिचं लगेच जमलं. दोघींनी मिळून नवऱ्याच्या टाचांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि तो बिचारा बिस्किटं आणायच्या निमित्तानं सटकला. मग सासूबाई शेजारी गेल्या. "लाव की," ताई म्हणाली. "रोज लावतेस ना?" धाकटी प्लेअरपाशी गेली. नवी डबी चमकत होती, तिच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता; कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. ताईनं बघितलं.

खरखर सुरू झाली आणि बाळ ताईच्या मांडीवर सैल पडलं. धाकटीला वाटलं, हे रक्तातून येतं की काय. व्हायोलिनं, बाईचा आवाज. ताई हलके हलके थोपटत होती, मान जरा कलती, आणि तिच्या चेहऱ्यावर ती दहावीतली मुलगी येत होती, जात होती. बाळाच्या पापण्या मिटल्या. ताई तिच्याकडे बघत अगदी खाली आवाजात म्हणाली, "ही खरी झोपली. तुझ्या पापण्या हलायच्या." धाकटी हलली नाही. ताईचा आवाज साधा होता, कापडाचं माप सांगावं इतका साधा. म्हणजे ठाऊक होतं. चपला हातात घेऊन दाराशी उभी राहायची तेव्हाही ठाऊक होतं, की आता हाक येणार. आणि तरी रोज कडी काढून बघायची. "ताई," धाकटी म्हणाली, आणि त्याच वेळी ताईचा उजवा हात थोपटायचा थांबला आणि आपसूक पुढे गेला, दांडीकडे. ताईचं लक्षही नव्हतं तिकडे. हाताला जागा पाठ होती. धाकटीनं तो मनगटाशी धरला. "राहू दे."

सुई कोऱ्या भागात उतरली. खरखर अशी तुटली की खोलीतली हवाच कुणी पुसून काढली असं वाटलं. बाईचा आवाज समोर येऊन उभा राहिला, ओला, तरुण, लांबवलेल्या एका सुरावर थांबलेला. आणि मग धाडकन ढोल. टाळ्या, शिट्ट्या, व्हायोलिनं वेड्यासारखी पळायला लागली, ती बाई हसत हसत पट्टी चढवून गायला लागली, मागून दहा-वीस जण ओरडले. बाळ दचकून उठलं आणि त्यानं भोकाड पसरलं. "अगं बाई!" ताई म्हणाली. तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, हे नाचायचं गाणं आहे!" तिला हसू फुटलं, मोठ्यानं, कारखान्यातलं, हसता हसता तिनं तबकडीकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि हसू तिच्या तोंडावर राहिलं पण डोळ्यांतून कुठंतरी गेलं. "उठली ना पोरगी. बंद कर, बंद कर ते." "उठू दे," धाकटी म्हणाली. तिनं बाळाला उचललं, ताईच्या बोटाभोवतीची चिमुकली मूठ एकेक बोट करून सोडवली. "मी बघते हिला. तू ऐक."

ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. बाळाला पदराखाली घेतलं तरी ते रडतच होतं, आणि भिंतीपलीकडे गाणं संपलं. कचकच सुरू झाली, गोल गोल, एकाच जागी. ती थांबेपर्यंत धाकटीनं श्वास घेतला नाही. मग दांडी उचलल्याचा टक् आवाज. चपलांचा आवाज येईल असं तिला वाटलं. आणि मग परत तो लांबवलेला सूर, परत ढोल. ताईनं बरोबर त्याच जागी सुई टेकली होती, जिथून ती नेहमी उचलायची. तिला ती जागा ठाऊक असणारच. बाळ एकदाचं दुधाला लागलं. दाराला फट होती, डोळा लावता आला असता; तिच्या हातांना, डोळ्यांना तीच सवय होती, फटीतून, भिंगातून, मिटल्या पापण्यांमधून बघायची. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बशा किणकिणायला लागल्या. आधी एखादी, चाचपडल्यासारखी, मग थांबली, गुडघा दुखला असावा; मग परत, मग सगळ्याच, ठेक्यात. बाळानं दूध सोडून मान वळवली आणि कान दिला. ते टक्क जागं होतं. धाकटीनं त्याला थोपटलं नाही.